आवेजभाईंचं नाव येत नाही

१५ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी आमचं आख्खं नगर ऑफिस कंपनीतून गायब झालं. माणसं जागेवरच होती, चहाही पीत होती, पण प्रोजेक्ट सर्व्हर उघडायला गेलं की तो सांगत होता, असा कोणी इथे नाही.

हे सगळं मी नीट समजून घेण्यासाठीच लिहितेय, कारण हे काम मुळात माझं नाही. मी नागापूर एमआयडीसीतल्या या कंपनीत नेटवर्क, प्रिंटर, कॅमेरे बघते. कंपनी साखर कारखान्यांसाठी रस आटवायची मोठी भांडी बनवते आणि तिथे नेऊन बसवते. कुठलं ड्रॉइंग मंजूर झालं, कुठला पाइप निघाला, साइटवर कुणी काय जोडायचं, सगळं प्रोजेक्ट सर्व्हरवर असतं. माणसांची नावं आणि पासवर्ड मात्र पुण्याच्या हेड ऑफिसकडे, डिरेक्टरीत असतात. आमचा सर्व्हर दर तासाला ती डिरेक्टरी वाचतो आणि आपली यादी जुळवून घेतो. त्याला सिंक म्हणायचं.

काल रविवारी पुण्याच्या लोकांनी डिरेक्टरीतल्या आमच्या फोल्डरचं नाव बदललं. जिल्ह्याचं नाव बदलून वर्ष होत आलं, म्हणून अहमदनगरचं अहिल्यानगर केलं, त्यात चूक काही नाही. पण आम्हाला कुणी सांगितलं नाही. सर्व्हर जुन्या नावाचा फोल्डर शोधत बसला. सापडला नाही म्हणून त्याने समजूत करून घेतली की नगरची सगळी माणसं नोकरी सोडून गेली, आणि सगळ्यांना बंद करून टाकलं.

साइटवरून आमच्या मुख्य फिटरचा, कानिफनाथचा फोन आला. "म्याडम, मोबाईल म्हनतोय मी कंपनीतच न्हाई. ड्रॉइंग दिसंना. मानसं बसून हायेत." नोव्हेंबरात त्या साइटवरचा साखर कारखाना सुरू होणार आहे. भांडी तोवर उभी राहिली नाहीत तर ऊस तोडून उन्हात पडेल.

खरात साहेब, आमचे प्लँट हेड, मला म्हणाले, आवेजला फोन कर, रजेवर आहे पण उचलेल.

आवेज शेख म्हणजे आवेजभाई. हा सर्व्हर त्यांनीच उभा केला आणि सिंकही त्यांनीच बसवलं. ऑगस्टपासून नेवाशाला आईवडिलांकडे आहेत. एवढी लांब रजा मला कुणी दिली नसती.

त्यांनी फोन उचलला. मागे पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज होता. मी घडाघडा सांगत सुटले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी सिंक बंद करा, नाहीतर पुढच्या तासाला ते आणखी काहीतरी करेल. बाकीचं उद्या सकाळी बोलू, दहानंतर, पण अकराच्या आत फोन करा. आणि ठेवला.

इकडे सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसलंय आणि हे डॉक्टरसारखी वेळ देतायत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दहा वाजून गेल्यावर फोन केला. मी म्हणाले, माझ्या मशीनचा ताबा तुम्ही तिथूनच घ्या ना, तुम्हाला दहा मिनिटं लागतील. तर नाही म्हणाले. "तुम्ही करा ताई, मी सांगतो." मग प्रत्येक गोष्ट आधी समजावून सांगायची, मग माझ्याकडून परत म्हणवून घ्यायची, चुकलं तर पुन्हा. शाळेत बसल्यासारखं वाटलं. वाक्य अर्ध्यात सोडून थांबतात, बराच वेळ काही बोलतच नाहीत. वाटतं फोन कट झाला, तेवढ्यात पुढचा शब्द येतो. बहुतेक दुसरं काहीतरी करत करत बोलत असावेत.

सर्व्हरमध्ये फोल्डरचा नवा पत्ता घातला. चाचणी केली तर नावं वाचता आली. सिंक मात्र लगेच सुरू करू नका म्हणाले. आधी पूर्ण बॅकअप घ्या, मग एक गोष्ट बघायची राहिलीय, ती उद्या सांगतो.

बॅकअप घेतला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल दहा ते अकरा त्यांचा फोन लागला नाही. साडेबाराला खरात साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पत्ता बदललाय ना, मग सुरू का करत नाहीस? मी सुरू केलं.

सगळी नावं आली, पण दुसऱ्यांदा. प्रत्येक माणसाच्या दोन प्रती. एक जुनी, बंद पडलेली, आणि सगळं काम तिच्याच नावावर. दुसरी नवी कोरी, तिच्याकडे काहीच नाही. कानिफनाथचा फोन आला. "नाव आलं म्याडम, पन काम कायच न्हाई ओ माझ्याकडं. नव्यानं भरती झाल्यावानी वाटतंय."

आज सकाळी आवेजभाईंना सांगावंच लागलं. ओरडतील असं वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, बॅकअप होता ना? मी हो म्हणाले. "मग काही बिघडलं नाही." ते पुढे सांगणार एवढ्यात तिकडे गिरणीचा आवाज एकदम थांबला. एक बाई ओरडली, लाईट गेली, लाईट गेली. फोन खाली पडल्याचा आवाज आला आणि कट झाला. नंतर दिवसभर त्यांनी उचलला नाही.

गेले आठ दिवस पाऊस आहे, लाईट आमचीही जाते. म्हणून कुणी दिवसभर फोन बंद ठेवत नाही.

घरी आल्यावर नवऱ्यापुढे, अमृतपुढे, सगळं बोलून टाकलं. तो दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर आहे, त्याला माणसं सांभाळायची सवय आहे. तो म्हणाला, तू चिडतीयेस त्याच्यावर, पण चूक तुझीच होती ना? मी जेवले नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. घरचं उरकून ऑफिसला पोचायला उशीर झाला, पण दहाच्या आत पोचले. आता मलाही त्या वेळेची सवय लागलीय.

आवेजभाईंनी आज ती राहिलेली गोष्ट सांगितली. सर्व्हर माणसाला त्याच्या पत्त्यावरून ओळखत होता, म्हणजे अमका माणूस, अमक्या फोल्डरमधला. फोल्डर बदलला की त्याच्या लेखी माणूसच बदलला. पण डिरेक्टरी प्रत्येकाला भरती होताना एक कायमचा नंबर देते. नाव, फोल्डर, बाईचं लग्नानंतरचं आडनाव, काहीही बदललं तरी तो नंबर बदलत नाही. ओळख त्या नंबरवर बांधायची. म्हणजे आधी जुना बॅकअप परत आणायचा, मग जुळणी नंबरवर करायची आणि त्यानंतरच सिंक चालू करायचं.

मी विचारलं, हे तुम्ही पहिल्यांदा बसवलं तेव्हाच का नाही केलं? हसले. "तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे." हसता हसता खोकला सुरू झाला आणि थांबेचना. मी फोन धरून बसले होते. शेवटी त्यांच्या आईने घेतला आणि म्हणाली, उद्या करा बाई. सर्दी फार झाली असणार. नदीकाठचं घर, त्यात हा पाऊस.

२४ सप्टेंबर, बुधवार

झालं! बॅकअप लावला, नंबर जुळवले, हात जोडले आणि सिंक चालू केलं. एकेक नाव जागेवर आलं. प्रत्येक नाव आपापलं काम घेऊन आलं, एकदाच आलं. कानिफनाथने साइटवरून भांड्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो पाठवला, हातात मोबाईल, मोबाईलवर ड्रॉइंग. साहेबांनी सगळ्यांना भेळ मागवली. लोक माझ्या टेबलाशी येऊन थँक्यू म्हणत होते, तेव्हा मी आवेजभाईंचं नाव घेतलं का? एकदा घेतलं. जास्त वेळा घ्यायला हवं होतं.

संध्याकाळी जुन्या याद्यांशी ताळा केला तर एक नाव कमी. तीनदा बघितलं. नेमकं आवेजभाईंचंच. त्यांचं खातं अजून बंदच आहे, आणि अहिल्यानगरच्या नव्या फोल्डरमध्येही ते दिसत नाहीत. फोल्डरचं नाव बदलताना कुठेतरी निसटलं असणार. ज्याने हे सगळं निस्तरलं त्याचंच नाव आलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

त्यांना सगळं आलं म्हणून सांगितलं. खूश झाले. कोणकोण आलं ते विचारत होते, एकेकाचं नाव घेऊन. स्टोअरमधल्या लंकाबाईंचं आलं का? त्यांचं आडनाव नेहमी चुकतं. मी म्हणाले, सगळ्यांचं आलं, तुमचं तेवढं राहिलं.

"माझं राहू द्या ताई."

मी म्हणाले, असं कसं? रजेवरून आल्यावर तुम्हाला लॉगिन करता आलं नाही तर सगळे मलाच हसतील.

ते म्हणाले, "बघू." मग विषय बदलून विचारलं, नंबरवर जुळणी कशी केली ते तुम्हाला आता कुणाला शिकवता येईल का? मी म्हणाले, येईल. म्हणाले, शिकवून दाखवा. आणि मी वेड्यासारखी त्यांचंच काम त्यांना पहिल्यापासून शिकवत बसले. ते मध्ये मध्ये हूं म्हणत होते.

२७ सप्टेंबर, शनिवार

आवेजभाईंनी आवाजाचा मेसेज पाठवला होता, बॅकअप कुठे कुठे ठेवायचे त्याबद्दल. स्वयंपाक करता करता मोठ्याने लावला. अमृत भाजी निवडत होता. तो थांबला आणि म्हणाला, पुन्हा लाव. पुन्हा लावला.

"हा माणूस आजारी आहे," तो म्हणाला. "चार शब्दांवर धाप लागतीय."

मी म्हणाले, जिना चढत असतील. अमृत म्हणाला, नेवाशाच्या गल्लीत कुठला एवढा जिना? मी म्हणाले, सर्दी आहे, आईच म्हणाली. खरं तर आई तसं म्हणाली नव्हती, ते मीच धरून चालले होते. पण आजारी असते तर साहेबांनी मला फोन करायला सांगितलं असतं का?

३० सप्टेंबर, मंगळवार

त्यांच्या नावापायी दोन दिवस गेले. सिंकची नोंदवही ओळ न् ओळ वाचली. नंबर हाताने टाकून शोधला. दर वेळी उत्तर तेच, असा कोणी या फोल्डरमध्ये नाही. पुण्याच्या बाकीच्या फोल्डरमध्ये डोकवायची मला परवानगी नाही. म्हणून पुण्याला तक्रार टाकली, की तुमच्याकडून नाव बदलताना आमचा एक माणूस हरवलाय. जरा कडकच लिहिलं.

खरात साहेबांनी तक्रारीची प्रत वाचली आणि म्हणाले, एवढ्या एका नावासाठी कशाला पुण्याला डिवचायचं, राहू दे. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कॅलेंडरकडे बघत होते. मला राग आला. सगळ्यांची नावं आली तेव्हा भेळ, आणि त्यांच्या नावाचं कुणाला काही नाही.

आवेजभाई आज फोनवर फार थोडं बोलले. तक्रार टाकली म्हणून सांगितलं तर म्हणाले, "टाकायला नको होती." नाराज झाले असावेत. माझ्या हातून ते दुरुस्त होत नाही हे त्यांना दिसतंय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पुण्याचं उत्तर आलं. दोनच ओळी. यात बिघाड नाही. सदर कर्मचाऱ्याने राजीनामा दिलेला असून ऑगस्टअखेर त्यांना कार्यमुक्त केले आहे, त्यामुळे त्यांचे खाते माजी कर्मचाऱ्यांच्या फोल्डरमध्ये हलवले आहे. तक्रार बंद करत आहोत.

म्हणजे पहिल्या फोनपासून ते कंपनीत नव्हतेच.

४ ऑक्टोबर, शनिवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. याआधी असं कधी केलं नव्हतं. मी विचारायच्या आत ते म्हणाले, त्याने शपथ घातली होती.

फुप्फुसांचा आजार आहे. ती आतून कडक होत, आकसत जातात. औषधाने वेग कमी होतो, थांबत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी जुलैमध्येच सांगितलं होतं. रजा संपत आली तेव्हा आवेजभाईंनी स्वतःच राजीनामा आणून दिला, आणि लोकांना फक्त रजेवर आहे असं सांगा म्हणाले.

मी विचारलं, मग मला त्यांच्याकडून काम का करून घ्यायला लावलंत? साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, त्या सोमवारी मला दुसरं काही सुचलं नाही. संध्याकाळी माफी मागायला त्याला फोन केला तर म्हणाला, साहेब, तिला सांगू नका, तिला रोज फोन करू द्या.

मी दार उघडून बाहेर आले. त्यांच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते.

५ ऑक्टोबर, रविवार

नेवाशाला जाऊन आलो. अमृत म्हणाला, मीही येतो. मोटरसायकलवर गेलो. मी मोसंबी घेतली होती, ती मांडीवर धरून बसले होते आणि सारखं वाटत होतं, आजारी माणसाला मोसंबी नेतात तशी मी नेतेय, त्यांच्याकडे अशी जाईन असं कधी वाटलं नव्हतं.

घराच्या पुढच्या बाजूला त्यांच्या वडिलांचं, गनीभाईंचं, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. अर्धवट झालेल्या पेट्या एकावर एक रचून ठेवलेल्या. गनीभाई दुकानात नुसतेच बसले होते. अमृतने विचारलं, आज सुट्टी का? तर म्हणाले, आवेज आल्यापासून ठोकठोक बंद केलीय, त्याला दुपारी जरा झोप लागती. ऑगस्टपासून त्यांनी हातोडा उचललेला नाही.

आतल्या खोलीत आवेजभाई भिंतीला गाद्यांची चवड लावून टेकून बसले होते. नाकाला नळी. शेजारी गुडघ्याएवढी उंच पेटी गरगरत होती. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन. पिठाची गिरणी ती हीच.

इतके बारीक झालेत की क्षणभर मला ते त्यांचे कुणी नातेवाईक वाटले.

"या ताई," म्हणाले. "सिंक चाललंय ना?"

मी चाललंय म्हणाले आणि मला रडू आलं. अमृत बाहेर गनीभाईंजवळ जाऊन बसला. आवेजभाईंच्या आई, बद्रुन्निसा, पाणी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

रडणं थांबल्यावर विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही?

ते एकेक श्वास घेत बोलले. "सांगितलं असतं तर तुम्ही फोन केला असतात का? बाकी सगळे तब्येत विचारायला करतात. पाच मिनिटांत त्यांच्याकडचं संपतं, माझ्याकडचंही संपतं. तुम्ही एकट्या भांडायला करत होतात. तेवढा वेळ मी ऑफिसात असायचो."

मी त्या लाईट गेलेल्या दिवसाबद्दल बोलले. मशीन विजेवर चालतं हे आता दिसत होतं. बद्रुन्निसा म्हणाल्या, "त्या दिशी आक्सिजनचं नळकांडं जोडूस्तर आमचा जीव टांगनीला. आन ह्यो हातानं खुनवतोय, फोन उचला, म्याडमचं आर्धंच सांगून झालंय." त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. मी त्या दिवशी त्यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते अमृतला माहीत आहे, आणि वर लिहिलेलंही आहे. खोडणार नाही.

सकाळी औषधाची वाफ घेतल्यावर तासभर त्यांना बरं बोलता येतं. म्हणून दहा ते अकरा.

निघताना मी म्हणाले, तुमच्या नावासाठी मी पुण्याशी भांडले. ते म्हणाले, "कळलं मला. आख्ख्या यादीत तेवढं एकच बरोबर होतं ताई, आणि तुम्ही तेच दुरुस्त करत बसलात."

८ ऑक्टोबर, बुधवार

रोज दहानंतर फोन करते. पहिल्या दिवशी आवाज कसा ठेवावा ते कळेना, तब्येत विचारून बसले. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. मग मी म्हणाले, आवेजभाई, तो रात्रीचा बॅकअप काल अर्ध्यावर थांबला, तुम्ही असलं कसलं बसवून ठेवलंय? त्यांच्या आवाजात लगेच जीव आला.

बॅकअप थांबला नव्हता. आता रोज सकाळी ऑफिसला जाताना एखादा बिघाड मनात तयार करते. ते ओळखतात की नाही, माहीत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मला एक सुचलं होतं. प्रोजेक्ट सर्व्हरवर पुण्याच्या डिरेक्टरीशिवायही मी एखादं खातं हाताने उघडू शकते. सिंक त्याला हात लावत नाही. त्यांना तसं खातं उघडून द्यायचं, म्हणजे घरी बसून मोबाईलवर सगळं बघता येईल, कानिफनाथची कामं, साइटचे फोटो. सांगितलं.

"नको," म्हणाले. "उद्या तुमच्या जागी कुणी आलं तर त्याला कळायचं नाही हा माणूस कोण, कुठून आला. असली खाती ठेवायची नाहीत."

मी हट्ट केला. तर म्हणाले, "तुम्हाला एवढं शिकवून तुम्ही हे करणार?" आवाज चढवायची ताकद नव्हती, तरी रागावले हे कळलं. बरं वाटलं मला. माझ्यावर ते पहिल्यांदाच रागावले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज साइटवर भांड्यांची पाण्याची चाचणी होती. भांडी पाण्याने भरायची, दाब द्यायचा, आणि कुठल्या जोडातून गळतंय का बघायचं. मी साहेबांना म्हणाले, मला साइटवर जायचंय. त्यांनी का ते विचारलं नाही, गाडी दिली.

तिथून आवेजभाईंना व्हिडिओ कॉल लावला. बद्रुन्निसांनी मोबाईल त्यांच्यासमोर धरला होता. नळीच्या जागी आता तोंडावर मास्क होता. मी मोबाईल कानिफनाथकडे दिला आणि तो प्रत्येक भांड्याभोवती फिरवून दाखवू लागला, जोड, पायऱ्या, दाबाचा काटा. "आवेजभाय, बगा. येक थेंब गळंना."

आवेजभाईंनी मास्क बाजूला केला. एवढंच विचारलं, "तुझं नाव नीट दिसतंय ना रे?"

"दिसतंय की. कामंबी दिसत्यात. लईच दिसत्यात."

ते हसले. हसू चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मिटले. आईने मास्क परत लावला. कानिफनाथने मोबाईल माझ्याकडे दिला आणि भांड्याच्या मागे निघून गेला. बराच वेळ आला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आवेजभाई गेले. पहाटे. साहेबांचा फोन आला.

जुम्म्याच्या नमाजनंतर दफन झालं. साहेब गेले, कानिफनाथ साइट सोडून गेला, अमृत रजा टाकून गेला. मी गेले नाही. जाता आलं असतं. घरातल्या बायकांमध्ये बसता आलं असतं. दहा वाजले, मी ऑफिसमध्ये मोबाईल हातात घेऊन बसले होते. अकरा वाजून गेल्यावर उठले.

अमृत संध्याकाळी आला, पायांना माती होती. म्हणाला, गनीभाई शेवटपर्यंत ताठ उभे होते. लोक पांगल्यावर त्यांनी अमृतला विचारलं, ते मशीन आता बंद करायचं ना? घरातलं बटण बंद करायला कुणी धजत नव्हतं. अमृतने जाऊन बंद केलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. काही लिहावंसं वाटलं नाही.

आज साहेबांनी सांगितलं, आवेजच्या नावावर अजून बरीच उघडी कामं दिसतात, ती तू तुझ्या नावावर घे. एकदम सगळी निवडून एका बटणावर करता येतात. मी एकेक करून केली. प्रत्येक उघडून वाचली. काही वर्षांपूर्वीची होती, कुणीच विचारली नसलेली. एकावर त्यांनी स्वतःलाच लिहिलं होतं, हे सिंक नंबरवर न्यायला हवं, वेळ मिळाला की करू. त्यावर 'पूर्ण' अशी खूण मला करायची होती. ते काम त्यांच्याच नावावर पूर्ण करावं म्हणून प्रयत्न केला. सर्व्हरने घेतलं नाही. बंद नावावर काही बदलता येत नाही. माझ्या नावावर घेऊन पूर्ण केलं.

सर्व्हर बरोबरच वागला. मीच तो तसा दुरुस्त केलाय.

२ नोव्हेंबर, रविवार

नेवाशाला गेलो. एवढे दिवस टाळलं होतं. गनीभाई दुकानात नव्हते, बाजाराला गेले होते. अमृत बाहेरच थांबला. आतली खोली आवरलेली. गाद्या घडी करून कोपऱ्यात, मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलेलं. घरात एवढी शांतता की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता.

बद्रुन्निसांनी चहा केला. मी दफनाला आले नाही त्याबद्दल बोलायला लागले, तर त्यांनी माझ्या हातात बशी दिली आणि म्हणाल्या, पी आधी. मी चहा प्यायले. त्यांनी आवेजभाईंच्या लहानपणचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "तू हापिसात करतीस काय गं नेमकं? त्यालाबी इचारायचे मी. त्यो सांगायचा, पन मला काय उमगायचं न्हाई."

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हणाले, एका ठिकाणी सगळ्या माणसांची नावं असतात आणि दुसऱ्या ठिकाणी सगळी कामं. ती नावं कामांपर्यंत नीट पोचवायची. कुणी नवीन आलं तर त्याचं नाव यायला हवं, कुणी सोडून गेलं तर बंद व्हायला हवं. हे आवेजभाईंचं काम होतं. आता मी करते.

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मग आवेजचं नाव काढून टाकलं का तुमी?"

"नाही," मी म्हणाले. "काढत नाहीत. त्यांनी जी जी कामं केली त्यांवर नाव तसंच राहतं. थोडं फिकट दिसतं, एवढंच. फक्त त्या नावावर नवीन काम टाकता येत नाही."

त्यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली. मला वाटलं, मी नको ते बोलले.

"ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "आता नगाच टाकू. लई दमला हुता त्यो."

"नाही टाकणार," मी म्हणाले.